दोष कोलंबीचा

“आधी पाणी द्या, मग काय ते खोटं बोला,” असं म्हणत आमच्या बाई कुणाच्याही ओटीवर बसत. घरची बाई हसली की मग कामाचं बोलणं सुरू.

ऐंशीच्या दशकात एका संस्थेसाठी आम्ही दोघं रत्नागिरीत घरोघर हिंडलो. बाई निवृत्त नर्स, मी नुकताच कामाला लागलेला. औषधानं त्रास झाला तर तो कळवायचा असतो, हे लोकांना ठाऊक आहे का, एवढंच विचारायचं होतं. मिळणारी उत्तरं तुम्हीही ऐकली असतील. “डॉक्टरांना काय वाटेल?” एका मास्तरांनी तर मला झापलंच. “आमच्या घरी पथ्य पाळतात. त्रास होईलच कसा?” मी वैतागायचो आणि बाई मजेत त्यांचा चहा प्यायच्या.

एकदा शहराबाहेरच्या वाडीत एका तरुण सुनेनं “काय त्रास नाय हो” म्हणून आम्हाला दारातूनच वाटेला लावायला घेतलं. बाईंनी हातातले कागद पिशवीत टाकले आणि सहज विचारलं, “कालवण कसलं केलंवतंत?”

ती रडायलाच लागली.

आत तिचा नवरा निजला होता. चेहरा सुजलेला, अंगभर चट्टे, ओठ सोललेले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना हिनं त्याला हौसेनं कोलंबी वाढली होती. पथ्य मोडलं म्हणूनच हे झालं, अशी तिची खात्री. “डाक्टरांना सांगू नका हो. गोळी मी एकपण चुकवली नाय.”

म्हणजे गोळ्या अजून चालूच होत्या! बाईंनी पुडी काढून घेतली. “आता एकही द्यायची नाही. कोलंबीचं मी सांगते डॉक्टरांना, तू ह्याला उठव.” मी धावत जाऊन रिक्षा आणली.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्रास गोळ्यांचाच, म्हणाले; ह्या गोळ्या त्याला पुन्हा कधी देऊ नका. वेळेवर आणलंत, आता बरा होईल. मला हायसं वाटलं.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या आठवल्या की मला दवाखान्याचा तो व्हरांडा दिसतो.

“म्हणजे माझ्या कोलंबीनं नाय?” त्या पोरीनं विचारलं.

“नाही गं बाय.”

“खरंच नाय?”

बाईंनी मान हलवली. तशी ती त्यांच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली, आणि उभा जन्म वॉर्डात काढलेल्या आमच्या बाई तिच्याहून मोठ्यानं रडत होत्या.