पाण्यात गेलेली मुलगी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. काना-मात्रा चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं. माझी मोठी जाऊ, पारबताबाई, वारून आता महिना होईल. गडचिरोलीच्या दवाखान्यातून किराणा दुकानाच्या फोनवर निरोप आला, तेव्हा मी अंगणात बिडीच्या तेंदूपानांचे पुडे बांधत होते. हातातला पुडा पुरता बांधला, मग उठले... असं का केलं, सांगता येत नाही.

माझी शाळा सुटली तेव्हा गुरुजींनी एक गोष्टीचं पुस्तक दिलं होतं. त्याला कव्हर नव्हतं, म्हणून नाव अजून ठाऊक नाही. एक मुलगी तळ्यात उतरते आणि तिला तळाशी पाण्यातलं गाव सापडतं, तिथे मासे तोंडात दिवे धरून फिरतात. मी ते इतक्यांदा वाचलं की तळ्यावर धुणं घेऊन गेले की वाकून दिवे शोधायची. लग्नात ते पेटीत घालून सासरी, सावली गावाला आणलं आणि विसरून गेले.

मग पारबताबाईंची सुमी मिरची तोडायला आंध्रात गेली. ट्रक परत आला, सगळ्या बाया उतरल्या, सुमी उतरली नाही. तिकडेच कोणासोबत राहिली, एवढंच बाया सांगत. बाईंचं बोलणं बंद झालं. त्या उन्हाळ्यात मी पुस्तक बाहेर काढलं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण बाईंपुढे निघायचा. मी वाचायची आणि त्या माझ्याही वाट्याचे पुडे बांधायच्या.

पुस्तक संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "अन तिची माय कुठी गेली वं?"

मी पानं मागे उलटून शोधलं. चौथ्या पानावर माय मुलीची वेणी घालून देते. त्यापुढे ती कुठेच नाही. लहानपणी मला त्या मायची एकदाही आठवण झाली नव्हती.

दुसऱ्या खेपेला शेवट मी मनानेच वाचला. माय तळ्याच्या पाळीवर बसली आहे, मुलगी पाण्यातून वर येते. बाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "पान त पलटवलं नाई तू."

मी मान खाली घातली.

"काऊन लाजतं? वल्ली आली ना पोरगी? तिले आधी लुगडं दे म्हन. मंग भात वाढ."

पुढे दर उन्हाळ्यात तो शेवट लांबत गेला. एका वर्षी मुलगी नवऱ्याला घेऊन आली. "जावई झाला त का झालं," बाई म्हणाल्या, "लाकडं फोडू दे त्याले." त्या दिवशी त्या हसल्या होत्या.

दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खाटेजवळ बसवलं. "आज लिवलं हाये तेच वाच."

पुस्तकात लिहिलेलं तेवढंच मी वाचलं. शेवटी माय आली नाही. बाईंनी छताकडे पाहत विचारलं,

"तिले सुख हाये ना तिथी?"

"हाये, बाई. तसंच लिवलं हाये."

"मंग बस," म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

सुमीला कळवायला पत्ता नाही. काल दुपारी मी पुस्तक पहिल्यापासून वाचलं, ओळीखाली बोट ठेवून, एकही शब्द न गाळता. शेवटी 'ती तिथेच राहिली' एवढंच आहे. सुखाचं कुठेच काही लिहिलेलं नाही.