आठवण आधी कुणी काढली?

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मांजर आडवं गेलं तर त्याला जाऊ देते आणि मग आपली वाट धरते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय… पण घडलंय, म्हणून लिहितेय.

मी दौंड तालुक्यातल्या खुटबावची. नोकरीसाठी तीन वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला आहे. निघाले तेव्हा माझ्या चुलत्यांनी – आप्पांनी – गुऱ्हाळावरून ताज्या गुळाची ढेप आणून बॅगेत घातली होती. एअरपोर्टवर वजन जास्त भरलं. मी चपलांचे दोन जोड ठेवून घेतले आणि गूळ ड्रायव्हरबरोबर परत पाठवला! कॉलेजची सगळी वर्षं ज्यांनी मला सायकलवर मागे बसवून केडगाव स्टेशनला सोडलं, त्या आप्पांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणंच टाकलं. मी दोनदा माफी मागितली. मग मीही हट्टाला पेटले.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला इथे साधा मंगळवार होता. स्टेटसवर सगळ्यांचे आकाशकंदील बघून रडू यायला लागलं, म्हणून फोन उपडा ठेवला आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये थंडगार बटाट्याचं सॅलड गिळत बसले. दुपारचा एक वाजला होता. आणि उचकी लागली.

साधीसुधी नाही – खुर्चीसकट हलवणारी! पाणी पिऊन झालं, श्वास रोखून झाला. वीस मिनिटं तेच. समोर बसलेली माझी जर्मन सहकारी पेट्रा म्हणाली, “कुणीतरी आठवण काढतंय तुझी. एकेक नाव घे, बरोबर नाव आलं की थांबेल.” मी बघतच राहिले. म्हणजे हे जर्मनीतही म्हणतात?

आई, बाबा, भाऊ, झाडून सगळ्या मैत्रिणी… उचकी चालूच. एक नाव मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. शेवटी पुटपुटले, “आप्पा.”

बंद. एकदम बंद! पेट्राने टाळ्या वाजवल्या.

मी तिथूनच काकूच्या नंबरवर फोन लावला. पहिल्याच रिंगला आप्पांनी उचलला.

“काय गं, किती आठवण काढावी मान्साची? उचकीनं जीव खाल्ला की माझा!”

“आप्पा, उचकी तर मला लागली होती. आठवण तुम्ही काढलीत.”

“मी कशाला काढतोय? मी आपला दाराला तोरण बांधत व्हतो. तुझी काकू म्हनली, नावं घ्या. आख्ख्या खुटबावची घेतली, सोसायटीच्या चेअरमनचं बी घेतलं. न्हाईच थांबली. मग शेवटाला तुझं घेतलं, तवा कुठं गप झाली.”

“कधी झालं हे?”

मागून काकूचा आवाज आला, “आत्ताच की! मिनिट बी झालं न्हाई.”

मी शपथेवर सांगते, माझ्या डोक्यात आप्पा नव्हते, ते बेचव सॅलड होतं. आप्पाही देवाची आण घेऊन सांगतात की त्यांच्या डोक्यात फक्त झेंडू होता. मग दोघांनाही उचकी लावली कुणी?

मग आप्पांनी हळूच विचारलं, “गूळ मिळतो का गं तिकडं?”

“आपल्यासारखा नाही मिळत, आप्पा.” आणि भर कँटीनमध्ये मी भोकाड पसरलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

डॉक्टर मैत्रीण म्हणते, योगायोग. असेलही. मला दुसरं काही सुचत नाही, पण तेही पटत नाही.

परवा सुट्टी संपवून गावाहून परत आले, तेव्हा एअरपोर्टवर पुन्हा वजन जास्त भरलं. या वेळी चपला परत गेल्या, ढेप इथे माझ्या ओट्यावर आहे. आठवण आधी कुणी काढली, यावरून मात्र आप्पांचं आणि माझं दर रविवारी फोनवर भांडण होतं.