टपावरची अँटेना

आपण जगात नेमके कुठे आहोत, हे शेवटी आकाशच सांगू शकतं. अँटेना मात्र बाजारातून आणावी लागते.

भरत तांडेलाच्या होडीवर त्याची बहीण ज्योती उपग्रहांवरून ठिकाण दाखवणारा रिसीव्हर बसवत होती. छोटी अँटेना केबिनच्या पत्र्याखाली आंधळी ठरेल, म्हणून तिने लांब वायरीची निवडली, सकाळीच टपावर बसवली आणि वायर खाली आणून जोडली. गेल्या हंगामात भरत धुक्यात भरकटून खडकांच्या तोंडाशी गेला होता. त्यामुळे यंत्र चालल्याशिवाय होडी सोडायची नाही, असं त्याच्या बायकोने, रेखाने, बजावलं होतं. ओहोटी लागली होती. आणखी थोडा उशीर झाला असता, तर होडी गाळातच बसली असती. पडद्यावर ‘शोध सुरू’ एवढंच दिसत होतं.

“लागलं का गं, ज्योती?” रेखाने धक्क्यावरून विचारलं.

“नाही गं वहिनी. जोडणी तर घट्ट आहे.”

“देव रुसला असेल,” भरत म्हणाला.

“देवाला कशाला मध्ये आणतोस?” म्हणत ज्योती टपावर चढली.

देवाला त्याने आधीच आणलं होतं. अँटेनेची पूजा केली होती, आणि हळदकुंकू वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर स्टीलची थाळी पालथी घालून वर दगड ठेवला होता. नवी वस्तू आली की आपण तिला आधी पूजतो, मग जपून झाकतो. तिला काही काम असतं, हे अडल्यावर आठवतं.

ज्योतीने थाळी उचलली. खाली भरत पडद्याकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने चार उपग्रहांनी मिळून कळवलं, की होडी धक्क्याला बांधलेली आहे.