दाराबाहेरच्या चपला

महाळुंग्यात खोली घेतली तेव्हा माझा घटस्फोट नुकताच झाला होता आणि लेक चार वर्षांची होती. खोलीवाल्या मावशी गावातल्याच, जुन्या शेतकरी घरातल्या. माझी हकीकत ऐकल्यावर भाड्याचं बोलायच्या आधीच त्यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या जुन्या चपला आणून माझ्या दाराबाहेर ठेवल्या.

"राहू दे हितं. चाळीत समदी कंपनीतली सडी पोरं हायती. कुणी इचारलं तर सांगायचं, मालक सेकंड शिफ्टला गेल्यात."

दर दोन-तीन दिवसांनी माझ्या दोरीवर त्या मुलाचा एक शर्टही वाळू लागला. नवरा सोडून बाकी सगळा संसार आम्ही दोघींनी थाटला. त्या चपलांचा मला राग यायचा, पण रात्री झोप लागायची ती त्यांच्याच भरवशावर.

मी घरी बसून नळाला लावतात तसल्या रबरी वायसरांच्या जादा कडा कापायचे. बोटं सोलवटायची आणि हातात चिल्लर पडायची. कंपनीत पॅकिंगला पूर्ण शिफ्ट मिळत होती, पण तेवढा वेळ लेकीला ठेवायचं कुठे? पाळणाघराला पैसे लागत, आणि पैसे तर शिफ्ट केल्यावरच येणार. तेवढ्यात कळलं, घटस्फोटित बाईला निराधार म्हणून सरकार दरमहा मदत देतं. पाळणाघर त्यातून सुटलं असतं. मी अर्ज केला आणि कंपनीत सांगून आले, थोडं थांबा.

चौकशीला माणूस आला तेव्हा मी माल पोचवायला गेले होते. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचं विचारताच त्यांच्या तोंडून सवयीने गेलं, "सेकंड शिफ्टला गेल्यात." त्याने चपला पाहिल्या, शर्ट पाहिला आणि मी दुसरं लग्न केल्याचं लिहून नेलं. अर्ज नामंजूर झाला.

मी मावशींशी बोलणंच टाकलं. माझ्या तोंडचा घास गेला होता आणि तो माझ्याच माणसाने घालवला होता. शेवटी एका सकाळी त्या नवं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. "चल, राजगुरुनगरला."

तहसील कचेरीत त्या खिडकीशी जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "साहेब, हिला नवरा न्हाई. चपला माज्या पोराच्या हायती." सगळी रांग वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारकून भला होता. म्हणाला, "पुन्हा चौकशी लावतो, मंजूर होईल. पण ताई, कुठे कंपनीत लागलात तर उत्पन्न मर्यादेच्या वर जाईल. मग मदत बंद."

"कामावर जाता यावं म्हणूनच तर मदत हवी आहे," मी म्हणाले.

तो मागच्या बाईचे कागद घेऊ लागला.

परतीच्या वाटेवर मावशी म्हणाल्या, "पोरगी माज्यापाशी ठेव. पैशाचं नाव काढलंस तर खोली खाली कर." सोमवारी मी पॅकिंगला रुजू झाले. फेरचौकशीच्या मागे लागले नाही.

चपला इतकी वर्षं तिथेच राहिल्या. परवा लेक त्याच पायात सरकवून दुकानात निघाली. आता तिला जेमतेम दोन बोटं मोठ्या होतात.

"आई, या कुणाच्या गं?" तिने विचारलं.

"माझ्या," मी म्हणाले.