महिन्याची पावती

शहाऐंशी साली पारोळ्यातल्या एका वाचनालयाने भिंतीवर फलक लावला. वर्गणी महिन्याची, वर्षाची किंवा आजीव. आजीव सभासदाने एकदा पैसे भरले, की वसुलीला पुन्हा कोणी त्याच्या दारात येणार नाही. अभिमन नानांनी फलक दोनदा वाचला आणि महिन्याचीच पावती घेतली.

ग्रंथपाल मनातून चिडले. जन्मभर बाजार समितीत मापाडी म्हणून काटा धरलेला माणूस, मुलगा सुरतेत चांगला कमावतो, आणि एवढा साधा हिशेब कळू नये? म्हातारा चिकट आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. नानांनी ठरवू दिलं.

वर्गणी न्यायला शिपाई झिपरू सायकलवर यायचा. त्या दिवशी नाना सकाळपासून ओट्यावर बसून असत. बायको, कुंदाबाई, गेल्यापासून स्टोव्हवर एकच कप चहा व्हायचा. झिपरू आला की दोन. कोणाचा कापूस भिजला, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं तो सांगायचा. जाताना नाना न उघडलेलं पुस्तक त्याच्या हाती द्यायचे आणि दुसरं मागवायचे.

एकदा झिपरूच म्हणाला, "नाना, आजीव व्हई जा. बठ्ठी कटकट मिटी जाई."

नानांनी कोपरीचा खिसा चाचपला. "आज सुट्टा नहीत भो. उद्या ये."

झिपरू सायकल वळवून गेला. वर्गणीची सुटी नाणी आत, चहाच्या डब्याशेजारी, सकाळपासून मांडून ठेवलेली होती.