कानामागचा थेंब

माझ्या मावशीच्या पार्लरमध्ये केस रंगवायला गेलात, तर त्याच दिवशी रंगवून मिळत नाहीत. आधी ती कानामागे रंगाचा एक थेंब लावते आणि दोन दिवसांनी या म्हणते. खाज, पुरळ काही उठलं नाही, तरच खुर्चीत बसवते. अनोळखी बायका मुकाट्याने ऐकतात. वाद घालतात त्या जुन्या. परवाच एकजण म्हणाली, "अगं, माझं काय तपासतेस? माझ्याच डोक्यावर तुझं दुकान उभं राहिलं." मावशीने तिची मान हलकेच वळवली आणि थेंब लावला. "तुमच्यासारख्यांचंच आधी तपासते," एवढंच बोलली.

हे शहाणपण तिला महागात पडलंय. मावशी पहिल्यापासून भिडस्त. गिऱ्हाईक जुनं झालं की ते तिला घरचंच वाटायचं, आणि घरच्या माणसाला 'आधी तपासू' म्हणायला तिची जीभ रेटत नसे. अनोळखी बाईला थेंब, ओळखीच्या बाईला चहा, असा सरळ कारभार. मला विचाराल तर सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

कॅशियरबाई तिच्या अगदी पहिल्या गिऱ्हाईक. पार्लरच्या वरच्याच मजल्यावर एकट्या राहायच्या, बँकेत नोकरी, जीभ तिखट. मावशीचा कात्रीवर हात बसला तो त्यांच्याच केसांवर. सुरुवातीला एकदा मागची बाजू वाकडी कापली गेली, तर म्हणाल्या, "मागचं मला कुठे दिसतंय? बघतील बँकेतले."

निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळी त्या घाईघाईने खाली आल्या. दुसऱ्या दिवशी बँकेत त्यांचा निरोपसमारंभ होता, भाषण पाठ करून ठेवलं होतं. नेमका नेहमीचा रंग संपलेला. मावशीकडे दुसऱ्या कंपनीचा होता, पण तो त्यांना कधी लावला नव्हता.

"थेंब लावायचा म्हणजे दोन दिवस थांबावं लागेल," मावशी चाचरत म्हणाली.

"मग माझ्याच निरोपाला पांढऱ्या डोक्याने जाऊ का मी?" बाई म्हणाल्या. दोघी हसल्या आणि मावशीने ब्रश उचलला.

सकाळी बाईंचे डोळे उघडेनात. चेहरा भोपळ्याएवढा सुजला, धाप लागली, शेजाऱ्यांनी हॉस्पिटलात नेलं. समारंभ त्यांच्याशिवायच उरकला. जन्मभर दुसऱ्यांच्या निरोपाला वर्गणी देणारी बाई स्वतःच्या निरोपाला नव्हती. हे आठवलं की मला आजही मावशीचा राग येतो.

बाई घरी आल्याचं कळताच मावशीने सूप केलं, डब्यात भरलं आणि चपला पायात सरकवल्या. काकांनी तिला दारातच अडवलं. बाईंच्या भाच्याने नुकसानभरपाईची भाषा सुरू केली होती आणि काका वकिलाला भेटून नुकतेच परतले होते.

"वर जायचं नाही, फोनही करायचा नाही," काका म्हणाले. "आणि माफी तर मुळीच मागायची नाही. माफी म्हणजे कबुली, असं वकील म्हणालेत."

"अहो, पण चूक माझीच आहे."

"असू दे. तू तसं बोललीस तर पार्लरला कुलूप लागेल. मग खायचं काय?"

मावशी डबा धरून तशीच उभी राहिली. मग आत गेली आणि सूप सिंकमध्ये ओतून टाकलं.

काकांना तरी काय दोष देऊ? आम्हा तिघांचं घर पार्लरच्या त्या दोन खुर्च्यांवर चालत होतं आणि विमा काढायला कुणाला सुचलं नव्हतं. वकीलही वाईट नव्हता. त्याने विमा काढायला लावला, भिंतीवर सूचना लावली, थेंबाशिवाय रंगाला हात लावायचा नाही असं बजावलं. पण वरच्या मजल्यावर पावलं वाजली की मावशीची कात्री थांबायची. बाई पार्लरकडे न बघता जिना उतरायच्या. शेवटी त्यांच्याकडून नोटीसच आली.

कोर्टात जाण्याआधी तडजोड करायची ठरलं. मध्यस्थाच्या ऑफिसचा जिना बाई आमच्या पुढे चढत होत्या. केस पांढरे ठेवून बारीक कापलेले, आणि मागची बाजू कुणीतरी वाकडी कापलेली. मावशीची नजर तिथून हलेना.

भरपाई ठरली. सह्यांआधी मध्यस्थाने विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

बाई बोलल्या. "सूज काय, उतरली. कितीतरी दिवस मी दार नुसतं लोटून ठेवत होते. म्हटलं, आज येईल, उद्या येईल. एक मजला तर चढायचा होता हिला."

मावशीचे ओठ हलले. वकिलाने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तिने पेन उचललं. सह्या झाल्या. पार्लर वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच ती तडक वर गेली. मी मागोमाग गेले. दाराला आतून कडी होती. मावशीने दार वाजवलं. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"बाई, चुकलं माझं," मावशी म्हणाली. "थेंब लावायला हवा होता. आणि यायला हवं होतं."



"काल सही करायच्या आधी एवढं बोलली असतीस," बाई म्हणाल्या, "तर मी तो कागद फाडणार होते. आता जा. गिऱ्हाईकं खोळंबली असतील."

कडी निघाली नाही. आम्ही खाली आलो. एक जुनी बाई खुर्चीत येऊन बसलीच होती. मावशीने डोळे पुसले, हात धुतले आणि तिच्या कानामागचे केस बाजूला केले.