रूपकात चुकलेला ड्रमर

रविवारी दुपारी जेवण झालं की मी आतल्या खोलीत जातो आणि एका इंग्लिश बँडच्या जुन्या कार्यक्रमांची चोरटी रेकॉर्डिंग ऐकतो. बँड पन्नासएक वर्षांपूर्वीचा. पाच जण होते आणि त्यांचं एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, मधेच चाल बदलणारं, मधेच ताल बदलणारं. त्यांच्या अधिकृत रेकॉर्ड जगाने ऐकल्या आहेत. माझा जीव अडकलाय तो प्रेक्षकांतल्या कुणीतरी कोटाखाली टेपरेकॉर्डर लपवून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये. त्यात आवाज खरखरतो, शेजारचा माणूस खोकतो, कुणाच्या तरी हातून बाटली पडते. पण गाणं त्या दिवशी जसं झालं तसंच्या तसं मिळतं. दुसऱ्या गावात तेच गाणं वेगळं झालेलं असतं.

हे वेड मला दापोलीला लागलं. कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हा खोलीतल्या मित्राचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. तो परदेशातल्या बंदरांतून कॅसेट आणायचा. त्यातली एक बिनकव्हरची होती, वर निळ्या पेनाने फक्त कुठल्याशा गावाचं नाव. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं टेप बिघडलाय. मित्र म्हणाला, "शेवटपर्यंत ऐक, मग बोल." शेवटपर्यंत ऐकलं आणि बोलायचं राहूनच गेलं. पुढे तो ऑस्ट्रेलियाला गेला. जाताना ती कॅसेट माझ्या हातात ठेवली.

मी रत्नागिरीत माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागलो. इंटरनेट आल्यावर कळलं की असली रेकॉर्डिंग जमवणारे लोक जगभर आहेत. त्यांचा एकच नियम, विकायचं नाही, वाटायचं. कधी न पाहिलेल्या माणसांनी मला कुठकुठले कार्यक्रम पाठवले. पण इथे सोबतीला ऐकणारं कुणी नव्हतं. माझी बायको शाळेत शिक्षिका आहे. त्या बँडचा भोंग्यासारखा ऑर्गन सुरू झाला की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "सुटली का बोट?" मी हसायचो आणि हेडफोन लावायचो. वीसेक वर्षं असंच चाललं.

चारेक वर्षांपूर्वी एका मे महिन्यात हेडफोनची वायर तुटली. तो रविवार मी स्पीकरवर काढला. उकाडा होता म्हणून मागची खिडकी उघडी. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये जांभ्याची एकच भिंत आहे, मागच्या पडव्या लागून आहेत. शेजारी राहतात ते निवृत्त पोस्टमन. मी त्यांना काका म्हणतो. आयुष्यभर वाड्यावाड्यांतून टपाल वाटलेला, कमी बोलणारा माणूस. त्या दुपारी ते पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसले होते, एवढं मला दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दारात उभे. बोटं अजून लाल. मला वाटलं, आवाजाची तक्रार आहे.

"काका, काल जरा मोठ्याने झालं. हेडफोन आणतोय नवीन."

"तसं नाही हो," ते म्हणाले. "ते काल लावलं होतंत ना, ते परत लावाल का? मधलं. तो सातात वाजवतो ते."

"सातात?"

"सात मात्रा. तीन, दोन, दोन. रूपकच की ते." त्यांनी दाराच्या चौकटीवर बोटांनी वाजवून दाखवलं. "आणि एका जागी तो चुकला. चुकला ना?"

ते रेकॉर्डिंग मी शंभरदा तरी ऐकलं असेल. चुकल्याचं मला कधी कळलं नव्हतं. काकांना आत बसवलं आणि गाणं लावलं. ते डोळे मिटून मांडीवर मोजत होते. एकदम त्यांनी बोट वर केलं. "इथे! एक मात्रा आधी आला बघा."

मी मागे जाऊन पुन्हा लावलं. खरंच. मधे सगळी वाद्यं थांबतात, आणि पुन्हा सुरू होताना ड्रमर एक मात्रा आधी पडतो. गिटार एकीकडे, तो एकीकडे. क्षणभर सगळं कोसळणार असं वाटतं. मग बास गिटारवाला आपली एक मात्रा सोडून देतो आणि ड्रमरजवळ येतो. त्याच्यामागून ऑर्गन येतो. पुढच्या आवर्तनाला पाचही जण एकत्र. ज्याने कोटाखाली टेप धरला होता त्यालाही बहुधा ते कळलं, कारण तिथे कुणीतरी हलकेच हसतं. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा पहिल्यांदा लागला.

"काका, तुम्ही वाजवायचात?"

"ढोलकी. आमच्या गायन पार्टीत. झाली पस्तीस वर्षं बंद करून," ते म्हणाले आणि चहा न घेता उठले.

पुढच्या रविवारी तीन वाजता ते आपणहून आले, आणि मग येतच राहिले. मी गाणं लावायचं, त्यांनी मोजायचं. कुठे पाचात जातात, कुठे तेरात, ते सांगायचे. मला सम पकडायला शिकवलं. चुकलो की म्हणायचे, "घाई करू नका, ती येते." आधी ढगासारखं वाटणारं ते संगीत मला पायऱ्यापायऱ्यांचं दिसायला लागलं. इतकी वर्षं ऐकून मी ऐकलंच नव्हतं, हे पन्नाशीत कळलं. त्याचं दुःख मात्र झालं नाही, नवीनच काहीतरी हाती लागल्यासारखं वाटलं.

पावसाळ्यात एका रविवारी त्यांनी आपलं सांगितलं. चौदा एप्रिलच्या जयंतीचा मोठा कार्यक्रम होता. मैदान भरलेलं. पार्टीचे मुख्य गायक म्हणजे काकांचे गुरूच, त्यांना ते दादा म्हणत. एका गाण्यात तुकडा वाजवून ठेक्यावर येताना काका एक मात्रा मागे पडले. दादांनी गाणं थांबवलं. हात वर करून माईकवरूनच म्हणाले, "आधी शिकून ये, मग बस." लोक हसले. काकांनी कार्यक्रम कसाबसा पुरा केला, घरी आले आणि ढोलकी माळ्यावर टाकली.

"रागावलात त्यांच्यावर?"

"राग कुणावर धरायचा? चूक माझी होती." त्यांनी स्पीकरकडे बोट केलं. "पण हे ऐकल्यावर वाटतं, असंही करता आलं असतं."

दादा अजून आहेत, हे त्यांनीच सांगितलं. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर एका वाडीत मुलाकडे असतात, दम्याने गाणं सुटलंय. मी म्हटलं, "चला, त्यांना ऐकवू." काका नको म्हणाले. पुढच्या रविवारी मी पुन्हा काढलं, पुन्हा नको. त्याच्या पुढच्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि म्हणाले, "स्कूटर काढा."

दादा ओटीवर खुर्चीत बसले होते. वाळलेले, पण आवाजाला अजून धार. काकांकडे बराच वेळ बघितलं.

"पोस्टमन ना रे तू? पत्र आणलंस काय?"

"नाही दादा. एक ऐकवायचंय. हे आमचे शेजारी."

मी फोन आणि छोटा स्पीकर स्टुलावर ठेवला. आता वाटलं, आपण भलताच आगाऊपणा केला. त्या दम्याच्या म्हाताऱ्या माणसाला हे इंग्लिश गाणं काय सांगणार? पण दादांचा हात गुडघ्यावर चालायला लागला. तीन, दोन, दोन. त्या जागी आल्यावर हात थांबला.

"चुकला की रे."

"होय. आता पुढे ऐका."

दादांनी मान पुढे काढली. बासवाला ड्रमरजवळ आला, ऑर्गन आला, सगळे जुळले.

"सांभाळला," दादा म्हणाले. "परत लाव."

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी गाण्याकडे लक्षच दिलं नाही, काकांकडे बघत होते. मग म्हणाले, "मी तेव्हा पुढची ओळ उचलली असती तर कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं, दादा."

"तुला कळलं असतं. लोकांना मी कळवलं." दम लागला म्हणून ते थांबले. "नको होतं करायला."

काकांनी खाली वाकून दादांच्या पायाला हात लावला आणि तिथेच जमिनीवर बसले. सूनबाईंनी चहा आणला. मी ओटीच्या खांबाला टेकून रस्त्याकडे बघत राहिलो, कारण दोघांकडे बघणं बरं वाटेना.

निघताना दादांनी विचारलं, "ढोलकी आहे का?"

"माळ्यावर आहे."

"पुडी गेली असेल."

"गेली असणार."

"मग बदलून घे. वाट कसली बघतोस?"

परत येताना काका मागे बसले होते. एक हात माझ्या खांद्यावर होता आणि शहराजवळच्या खेडशीपर्यंत त्या हाताची बोटं वाजत होती.

ढोलकीची कातडी, दोन्ही पुड्या, बदलल्या. सुरुवातीला मनगट दुखायचं, बोटं सुजायची, काकांची सून ओरडायची. जवळच्या बुद्धविहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बायका रोज संध्याकाळी ग्रंथवाचन करतात आणि नंतर गाणी म्हणतात. त्यांना ढोलकी नव्हती, नुसत्या टाळ्यांवर चालायचं. समाप्तीच्या कार्यक्रमात काका त्यांच्यासोबत बसले. मी आणि बायको गेलो होतो. तिसऱ्या गाण्याला पुढे बसलेल्या बाई कडवंच विसरल्या आणि मधेच ध्रुवपदावर परत आल्या. काकांनी ठेका सोडला नाही, त्या जिथे आल्या तिथे जाऊन उभे राहिले. गाणं पुढे गेलं. मैदानभर लोक नव्हते, सत्तर-ऐंशी असतील. कुणाला काही कळलं नाही. बायकोने माझा हात दाबला. तिला कळलं होतं. इतके रविवार स्वयंपाकघरातून ऐकत तीही मोजायला शिकली होती, हे मला तेव्हा समजलं.

दादा मागच्या वर्षी गेले. त्याआधी काका दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जाऊन यायचे, कधी ढोलकी घेऊन, कधी नुसतेच.

कुठल्या थंड गावात, कुणाच्या कोटाखाली तो टेप फिरला, त्या माणसाचं नाव मला कधी कळणार नाही. ज्या ड्रमरची घाई झाली त्यालाही ती आठवत नसेल. पण रविवारी तीनच्या सुमारास दाराशी चपला वाजल्या की मनातल्या मनात मी दोघांचे आभार मानतो, आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या मित्राचेही. त्याला मी आता हे सगळं लिहून कळवलंय.

काका आता चांगलेच चोखंदळ झालेत. गेल्या रविवारी मी एक जपानमधला कार्यक्रम लावायला घेतला. आवाज अगदी स्वच्छ, खोकलासुद्धा नाही.

"तो नको हो," काका म्हणाले. "ते लोक टाळ्याही शिस्तीत वाजवतात. जरा गडबडीतला लावा."

बायको चहाचे तीन कप घेऊन आली आणि खुर्ची ओढून बसली.